लेसर सेन्सरचं माप नाचतंय?
व्हीएल५३एल०एक्स या अंतर मोजणाऱ्या लेसर सेन्सरचे आकडे हलतायत म्हणून लगेच नवा मागवू नकोस. आधी त्यावरची पातळ फिल्म काढलीस का बघ. मग पांढरा कागद बरोबर १०० मिमीवर उभा धरून ५० रीडिंगची सरासरी काढ. जितकं जास्त येईल तितकं प्रोग्रॅममध्ये वजा कर. टायमिंग बजेट, म्हणजे एका मापाला दिलेला वेळ, ३३ वरून २०० मिलिसेकंद केलंस की थरथर बरीच कमी होते.

खरा घोळ सेन्सरपुढच्या काचेचा. तिच्यावरून परतलेला उजेड माप कमी दाखवतो. काच पातळ, सेन्सरला अगदी लागून हवी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये तेलकट बोटाचा एक ठसाही पुरतो. सेन्सरला दिसणारा शंकू २५ अंशांचा, म्हणजे १ मीटरवर ४४ सेंमी रुंद. बाजूचा पत्रा त्यात आला की माप चुकलंच. उन्हात पल्लाही घटतो.