वाचकांचे प्रश्न : उत्तेजित अणूंची टक्कर

प्रश्न (ठाणे) : सोडियमच्या अणूंची शलाका (एकाच दिशेने धावणाऱ्या अणूंची बारीक धार) आणि हायड्रोजन क्लोराइडची शलाका निर्वातात काटकोनात भेटतात. लेझरने उत्तेजित केलेला, म्हणजे जास्त ऊर्जेच्या अवस्थेत नेलेला, सोडियम जेमतेम 16 नॅनोसेकंद त्या अवस्थेत राहतो. मग टक्कर होईपर्यंत तो मूळ अवस्थेत परतत नाही का?

उत्तर : परततो. सेकंदाला 1000 मीटर वेगाचा अणू तेवढ्या वेळात 16 मायक्रोमीटरच सरकतो. म्हणून 589 नॅनोमीटरचा झोत शलाका भेटतात नेमका तिथेच टाकायचा. ती जागा 3 मिलिमीटरची असेल, तर अणू 3 मायक्रोसेकंदांत ती ओलांडतो आणि तीव्र झोतात तेवढ्या वेळात सुमारे 90 वेळा वर-खाली होतो. एका क्षणी फार तर निम्मे अणू उत्तेजित असतात.

खरी मेख पुढे आहे. सोडियमच्या मूळ अवस्थेत 1772 मेगाहर्ट्झ अंतराच्या दोन पातळ्या आहेत. लेझर वरच्या पातळीवर जुळवला, तर खालचे अणू त्याला दिसतच नाहीत. शिवाय वरचेही काही हळूहळू खाली गळतात आणि अडकतात. त्यासाठी सुमारे 1713 मेगाहर्ट्झ जास्त वारंवारतेचा दुसरा झोत सोबत द्यावा. झोत शलाकेला काटेकोर लंब हवा. एका अंशाची चूक झाली तरी डॉप्लर सरक (अणूच्या वेगामुळे त्याला भासणारा वारंवारतेतला फरक) 30 मेगाहर्ट्झ होते, म्हणजे अणू शोषतो त्या रेषेच्या नैसर्गिक रुंदीच्या तिप्पट. छेदबिंदूवरचा पिवळा प्रकाश मोजत राहा, जुळणी बिघडली की तो लगेच मंदावतो.

टक्करीतल्या अभिक्रियेतून सोडियम क्लोराइड आणि हायड्रोजनचा अणू बनतात. त्यांची मोजणी लेझर चालू-बंद करत, थोड्या थोड्या वेळाने आलटून पालटून घ्यावी. तास तासभर सलग घेतली तर सोडियमची वाफ करणाऱ्या भट्टीचं तापमान सरकतं आणि वजाबाकी (लेझर चालू असतानाच्या मोजणीतून बंद असतानाची) फसते. लेझर लागल्यावर मूळ अवस्थेतले अणू कमीही होतात, ही गोष्ट हिशेबात अनेकदा राहून जाते. मूळ अवस्थेतल्या सोडियमला या अभिक्रियेसाठी सुमारे 0.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट कमी पडतात. टक्करीची ऊर्जा त्याहून कमी असेल तर साधी वजाबाकी चालते, जास्त असेल तर नाही. उत्तेजित अणू स्वतःच 2.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन येतो.

प्रश्न (रबाळे) : आम्ही व्हॅक्यूम चेंबर बनवतो. अशा प्रयोगाला निर्वात किती लागतो? आणि पावसाळ्यात तो मिळायला इतका वेळ का लागतो?

उत्तर : मुख्य कक्षात 10⁻⁶ टॉर (टॉर हे दाबाचं एकक) पुरतो. तिथे रेणू सरासरी 50 मीटर न आपटता जातो. शोधकात, म्हणजे टक्करीतून आलेल्या कणांचे आयन बनवून ते मोजणाऱ्या उपकरणात, मात्र 10⁻¹⁰ टॉरच्या आसपास हवा, कारण उरलेल्या वायूचेही आयन बनतात आणि खरा संकेत त्यात बुडतो. त्यासाठी बारीक छिद्रांनी जोडलेले, स्वतंत्र पंपांचे टप्पे करतात.

पावसाळ्यात उघडलेल्या चेंबरच्या स्टीलवर पाण्याचा थर बसतो आणि तो सावकाश सुटतो. मोठा पंप लावून फारसा फरक पडत नाही. चेंबर कोरड्या नायट्रोजननेच भरा, उघडा असेपर्यंत त्याचा मंद प्रवाह चालू ठेवा आणि बंद केल्यावर पंप चालू असतानाच भिंती दिवसभर 150 अंशांवर तापवा. व्हिटॉन या रबराच्या ओ-रिंग तेवढं सोसतात, शोधकाला तांब्याची गॅस्केटच घ्या.

सोडियमच्या भट्टीला दमट हवा अजिबात लागू देऊ नका. नॉझलवर हायड्रॉक्साइडचं कवच धरतं आणि बारीक भोक बुजतं. चालू असताना नॉझल खालच्या कुप्पीपेक्षा 50 ते 100 अंश जास्त गरम ठेवा, नाहीतर सोडियम तिथेच थिजतं.