लोड १२ दाखवतो, पण सीपीयू रिकामे. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कामं वाटतो तरी कशावरून?

तुमच्या आठ कोअरच्या मशीनवर 'अपटाइम' ही आज्ञा लोड, म्हणजे चालू किंवा खोळंबलेल्या कामांची सरासरी संख्या, १२ दाखवते, 'टॉप' या आज्ञेत मात्र सीपीयू झोपलेले, म्हणून तुम्ही गोंधळलात. तो १२ आधी बाजूला ठेवा. कोणतं काम कुठल्या कोअरवर न्यायचं हे ठरवताना लिनक्स त्याच्याकडे बघतच नाही. डिस्कची किंवा नेटवर्क ड्राइव्हची वाट बघत 'डी' अवस्थेत अडकलेली कामंही त्यात धरलेली असतात. इथे इंदूरला आमच्या ऑफिसात एनएफएस (नेटवर्कवरचा ड्राइव्ह) लटकला, तेव्हा लोड चाळिशीवर गेला आणि मी अर्धा दिवस सीपीयूच तपासत बसलो.

खरा हिशेब दर कामामागे वेगळा ठेवतात. त्याचं नाव पेल्ट (पर-एन्टिटी लोड ट्रॅकिंग), २०१३ च्या ३.८ कर्नलपासून. वेळेचे १०२४ मायक्रोसेकंदांचे तुकडे पाडायचे आणि जुन्या तुकड्यांची किंमत उतरवत न्यायची: ३२ तुकड्यांपूर्वीची निम्मी, ६४ पूर्वीची पाव.

कोअरवरच्या कामांची नुसती डोकी मोजून भागत नाही. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री आमची आत्या आखूड रांग बघून शिरते, आणि पुढचा एकच माणूस भुट्ट्याच्या किसाच्या पंचवीस प्लेटा बांधून मागतो!

पण पेल्टचेही आकडे एकाहून जास्त आहेत, आणि घोळ तिथेच होतो. 'लोड'मध्ये वाट बघण्याचा वेळही येतो आणि त्याला नाइसच्या, म्हणजे कामाच्या प्राधान्याच्या आकड्याच्या (आकडा मोठा तितकं प्राधान्य कमी), वजनाने गुणतात. नाइस ० चं वजन १०२४, नाइस १९ चं फक्त १५. म्हणजे नाइस १९ वर कोअर पूर्ण खाणारं कंपाइलसुद्धा लोडमध्ये पिसासारखं. दुसरा आकडा 'युटिल' फक्त प्रत्यक्ष चाललेला वेळ मोजतो, त्यात १०२४ म्हणजे पूर्ण कोअर. एका कोअरवर दोन भुकेली कामं कोंबलीत तर प्रत्येकाचं युटिल ५१२ च्या आसपास दिसेल. एक हलवा, दोन्ही १०२४ कडे चढतील. भूक आधीही तेवढीच होती, ताट अर्धं होतं.

म्हणूनच २०२० च्या ५.५ कर्नलमध्ये बॅलन्सर, म्हणजे कोअरांमध्ये कामं हलवणारा भाग, नव्याने लिहिला. कुठे जागा मोकळी असेल तर तो युटिल किंवा कामांची संख्या बघतो. सगळीकडेच दाटी झाली की मगच लोड. मला हे आधीच्या एका आकड्याच्या हट्टापेक्षा कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

तुम्ही 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा चालवा. 'बी' (अडकलेली कामं) रकाना मोठा आणि 'आर' (चालू किंवा चालायला तयार कामं) शून्याजवळ असेल, तर कामं वाटणाऱ्या शेड्युलरला सोडा, डिस्कला किंवा नेटवर्क ड्राइव्हला धरा.