बारावीचे भौतिकशास्त्र : डेरिव्हेशन पाठ, गणिते अडलेली

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या तुमच्या मुलीला बारावीच्या भौतिकशास्त्रातील डेरिव्हेशन्स, म्हणजे सूत्रे पायरीपायरीने सिद्ध करण्याच्या मांडण्या, तोंडपाठ आहेत, तरीही सराव परीक्षेत गणिते सुटत नाहीत, म्हणून आणखी एक क्लास लावावा का, असे तुम्ही विचारले आहे. कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय अनेक वर्षे शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, क्लासचा विचार करण्याआधी ती डेरिव्हेशन कसे वाचते हे पाहावे, कारण अडचण बहुधा तिथेच असते.

पहिल्याच प्रकरणातील उभ्या वर्तुळातील गती घ्या. १ मीटर लांबीच्या दोरीला बांधलेल्या गोळ्याने वर्तुळ पूर्ण करायचे असेल, तर तळाशी त्याचा वेग सेकंदाला किमान ७ मीटर हवा, हे ती सूत्रावरून लगेच काढील. आता दोरीऐवजी तेवढ्याच लांबीची हलकी, ताठ दांडी आहे असे सांगून तोच प्रश्न विचारा. ज्याने केवळ पाठ केले आहे तो पुन्हा ७ म्हणतो. खरे उत्तर सुमारे ६.२६ आहे. दोरी गोळ्याला ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे माथ्यावर ती सैल पडणार नाही इतका वेग गोळ्याकडे उरावा लागतो, आणि त्या सीमेवर दोरीतील ताण शून्य होऊन अभिकेंद्री बल, म्हणजे गोळ्याला वर्तुळात ठेवणारे केंद्राकडचे बल, एकटे गुरुत्वाकर्षण पुरवते. दांडी मात्र गोळ्याला खालून आधार देते, म्हणून तिथे वेग शून्यापर्यंत उतरला तरी चालतो. पुस्तकात ‘ताण शून्य’ ही एकच ओळ असते, पण सगळे डेरिव्हेशन तिच्यावर उभे असते, आणि पाठांतरात नेमकी तीच निसटते.

म्हणून प्रत्येक डेरिव्हेशनसाठी तिने पुस्तक मिटून आकृती काढावी, काय गृहीत धरले आणि का धरले हे मराठीत दोन ओळींत लिहावे, आणि मगच इंग्रजी मांडणीकडे वळावे. मराठीत विचार केल्याने काही बिघडत नाही. दहावीत ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ समजलेल्या मुलीला ‘इंडक्शन’ नवे नाही, फक्त नाव नवे आहे. उत्तरपत्रिकेतील इंग्रजी वाक्ये छोटी असली तरी पुरतात.

लेखी परीक्षा ७० गुणांची असते आणि तीत दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, तीन गुणांच्या १२ पैकी ८ व चार गुणांच्या ५ पैकी ३ सोडवायचे असल्याने काही प्रकरणे सोडून देण्याचा मोह होतो. तिने सीईटी (अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांची राज्याची प्रवेश परीक्षा) द्यायची असेल तर हा मोह टाळावा, कारण तिथे असे पर्याय नसतात. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. याकडे मुले फार उशिरा लक्ष देतात आणि रीत बरोबर असूनही आकडेमोडीत वेळ घालवतात. रोज एक गणित लॉग टेबल वापरून शेवटच्या आकड्यापर्यंत, एककासह सोडवावे.

तीन आठवडे केवळ परिवलन गती आणि स्थिरविद्युत ही दोन प्रकरणे या पद्धतीने करून पाहा, आणि क्लासचा निर्णय त्यानंतर घ्या. तोवर तिचे एखादे चुकलेले गणित खाडाखोडीसकट इथे लिहिलेत, तर ती कोणत्या पायरीवर अडते हे मला सांगता येईल.