ग्राफिक्स कार्डाचं व्होल्टेज कमी केल्याने कार्ड जळतं का?

परभणीत वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली, त्यात आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावला, म्हणजे अंतिम चित्र तयार करायला घेतलं, की तापमान 83 डिग्रीला टेकतं, फॅन बोंबलतात. आणि व्होल्टेज कमी करावं तर कार्ड जळायची भीती. तुमचा प्रश्न एवढाच आहे ना? आधी भीतीचं बघू.

लो व्होल्टेजने विहिरीवरची मोटर जळलेली आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलीय, म्हणून ही शंका येते. मोटर दाब कमी झाला की जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. चिपचं तसं नाही. भिंतीतल्या 230 व्होल्टला आपण हातच लावत नाही. चिपला जो साधारण एक व्होल्ट मिळतो, तो थोडा खाली आणतो. तो कमी पडला तर चिपचं गणित चुकतं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळतो, स्क्रीन काळी होते. फार तर रेंडर वाया जातो, कार्ड नाही. रीस्टार्ट केलं की मूळ सेटिंग परत येतं, कारण आफ्टरबर्नर, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरने आपण हे बदल करतो ते, कार्डात कायमचं काही लिहीत नाही. बायोस फ्लॅश करायच्या, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअरच बदलायच्या, वाटेला मात्र जाऊ नका.

फायदा मोठा आहे, कारण चिप खाते ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 1.05 वरून 0.9 व्होल्टवर आलात तर तेवढ्याच क्लॉकला (चिपच्या वेगाला) हिशोबाने साधारण 26 टक्के कमी. हा हिशोब चिपच्या चालू कामापुरता. मेमरी, फॅन वगैरे धरले की बचत त्याहून कमी दिसेल.

आधी कॅबिनेटमधली धूळ काढा. मग आफ्टरबर्नरमध्ये नुसती पॉवर लिमिट (कार्ड किती वीज खाईल त्याची मर्यादा) 80 टक्क्यांवर आणा. तुमचं कार्ड 170 वॉटचं, म्हणजे ते 136 वर थांबेल. तेवढ्याने भागलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

नाही भागलं तर लिमिट परत 100 वर न्या. नेहमीचा रेंडर लावून कार्ड किती क्लॉक आणि किती व्होल्टेजवर चालतंय ते लिहून ठेवा. आता कोअर क्लॉकचा स्लायडर उणे 250 च्या आसपास नेऊन अप्लाय करा. कंट्रोल आणि एफ एकत्र दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकचा आलेख उघडतो. त्यात 900 मिलिव्होल्टचा ठिपका उचलून 1800 मेगाहर्ट्झवर ठेवा आणि पुन्हा अप्लाय करा. त्याच्या उजवीकडची रेघ सपाट झाली पाहिजे. एखादा ठिपका वर राहिला तर कार्ड तिकडेच पळणार. मेमरी क्लॉकला हात लावू नका.

1800 हा आकडा सुरुवातीपुरता आहे. एकाच मॉडेलच्या दोन कार्डांना तोच आकडा जमतोच असं नाही, म्हणून दुसऱ्याचे आकडे डोळे झाकून उचलू नका. कार्ड कोसळलं तर क्लॉक 15 मेगाहर्ट्झने खाली आणा, पुन्हा तपासा. क्लॉक खाली आणायचं नसेल तर व्होल्टेज एक पायरी वर घ्या.

आता आपल्या भागासाठी मुख्य गोष्ट. ही तपासणी रात्री गार वाऱ्यात करून खूश होऊ नका. चिप जितकी गरम, तितकं तेच क्लॉक कमी व्होल्टेजवर सांभाळणं तिला अवघड जातं. रात्री मजेत चाललेलं सेटिंग मे महिन्यात दुपारी तीनला, बाहेर 43 डिग्री असताना, माती खाऊ शकतं. दुपारीच तपासा, तेही स्वतःच्या कामावर. हेवनसारखा बेंचमार्क (कार्डाची चाचणी घेणारा प्रोग्रॅम) तासभर चालला म्हणजे ब्लेंडर चालेल, असं नाही. लांब रेंडर लावा, रे ट्रेसिंगचा, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करणारा, गेम असेल तर तोही खेळा. चार-पाच दिवस सगळं सुरळीत गेलं, की मगच विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागण्याचं बटण दाबा. आधीच दाबलंत आणि सेटिंग डळमळीत निघालं, तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढत बसावं लागेल.

आणि खोलीतल्या एअर कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका, कित्येक घरांत हेच चालतं. हवा ओलसर होते आणि धूळ पंख्याला चिकटून बसते. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

एएमडीचं कार्ड असणाऱ्यांना आफ्टरबर्नरची गरज नाही. एएमडीच्याच अॅड्रेनालिन सॉफ्टवेअरमधल्या ट्यूनिंगच्या पानावर व्होल्टेजचा स्लायडर असतो. तिथेही एकदम झेप न घेता 25 मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरा.