जिन्यापर्यंत सोबत जा, वर त्यांना एकट्याला जाऊ द्या

प्रश्न : दादा, माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, कंपनीत शिफ्टला जातात. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून गणपतीच्या आधी घरी आले, दिवाळीत परत प्यायले, आणि आता रोज चालूय. केंद्रातून सांगितलं होतं की एए च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या, मीटिंगला जात राहा, पण हे म्हणतात मी काय बेवडा आहे का तिथं जाऊन बसायला, आणि कंपनीतलं कुणी बघितलं तर? जवळची मीटिंग चर्चच्या शाळेत असते म्हणे, म्हणून सासूबाईंना वेगळीच भीती वाटतेय. मीटिंग नक्की शोधायची कशी, फी किती, मी सोबत जाऊ का? – एक वाचक भगिनी, नाशिक रोड

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट, कारण ती मीटिंगच्याही आधीची आहे. रोज पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसं दिसायला लागतात, त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून बंद करायची ती डॉक्टरांना दाखवूनच. आणि कुणी सांगितलं की चहात गुपचूप गोळी घाला, तर अजिबात ऐकू नका, कारण त्या गोळीतलं डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू गेली तर उलट्या होतात, बीपी एकदम खाली येतं, माणूस दगावू शकतो. ती गोळी घेणाऱ्याला माहीत असूनच घ्यायची असते.

आता मीटिंग. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात बिल नावाचा शेअर दलाल आणि डॉक्टर बॉब या दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलं, आणि आजही तिथं एवढंच होतं हो, न पिणारा दारुडा पिणाऱ्या दारुड्याशी बोलतो. फी नाही, नावनोंदणी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, त्यात सभासद जमेल ते टाकतात, नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. पत्ता शोधायला एए इंडियाच्या वेबसाइटवर गावाप्रमाणे वार आणि वेळ मिळते, हेल्पलाइनही आहे, आणि सगळ्यात सोपं म्हणजे मिस्टर ज्या केंद्रात होते तिथल्या समुपदेशकांना फोन करा, त्यांना आसपासचे ग्रुप माहीत असतात. सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे. जायच्या आधी फोन मात्र करा, कारण सुट्टीच्या दिवशी शाळा बंद असली की जागा बदलते आणि पहिल्यांदा आलेला माणूस बंद गेट बघून जो परत फिरतो तो कायमचा.

सासूबाईंना सांगा, चर्चची असो नाहीतर महापालिकेची, खोली फक्त जागा म्हणून वापरतात. प्रार्थना असते, पण देव कुठला ते ज्याचं त्याने ठरवायचं, माझ्या ग्रुपात विठ्ठलाचे वारकरी आहेत आणि देव न मानणारेही आहेत.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती मलाही होती. मी तीन मंगळवार मीटिंगसमोरच्या टपरीवर चहा पीत बसलो आणि घरी गेलो, बायकोला सांगायचो जाऊन आलो. चौथ्या मंगळवारी एक पांढऱ्या केसांचे काका रस्ता ओलांडून आले, म्हणाले, मीपण इथंच बसायचो, चला वर. बस, एवढंच. वर गेलो तर आमच्याच ऑफिसचा एकजण बसलेला! तो मला बघून जेवढा दचकला तेवढाच मी, आणि मग कळलं की तिथं दिसणारा प्रत्येकजण त्याच कारणाने आलेला असतो, तो बाहेर कुणाला काय सांगणार? पहिल्या दिवशी मी एक शब्द बोललो नाही, चालतं तेही. बेवडा आहे का नाही हेही कुणी विचारत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

तुम्ही सोबत जा, पण जिन्यापर्यंत. काही मीटिंग ओपन असतात, तिथं घरचे बसू शकतात, पण बायको शेजारी असली की माणूस तिला ऐकवायला बोलतो, असं माझं तरी मत आहे. पहिला ग्रुप नाही आवडला तर दुसरा बघू द्या, ग्रुपाग्रुपात फरक असतो. आणि फोन त्यांनाच करू दे, नंबर तुम्ही लिहून ठेवा फक्त.

ते गेले नाहीत तरी तुम्ही मात्र जा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाच्या अशाच मीटिंग आहेत, १९५१ पासून, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात तर बायकांसाठी सहचरी नावाचा गटच चालतो. माझी बायको माझ्या कितीतरी आधी जायला लागली होती, बाटल्या शोधणं, कंपनीत खोटी आजारपणं कळवणं तिने बंद केलं, आणि मला पहिल्यांदा माझे घोळ स्वतः निस्तरावे लागले. त्याचा मला तेव्हा फार राग आला होता, आज त्याबद्दल तिचे पाय धरावेसे वाटतात.

परत प्यायले म्हणून केंद्राचा महिना वाया गेला असं समजू नका, घसरून परत आलेले लोक प्रत्येक ग्रुपात असतात आणि त्यांना टाळ्याच मिळतात. मीटिंगच्या दिवशी त्यांना काहीतरी खाऊन जाऊ द्या, उपाशी पोटी तलफ जास्त येते. आणि रात्री घरी आल्यावर तिथं काय झालं म्हणून विचारू नका, जेवायला वाढा.