वाचकांचे प्रश्न : सैनिकांच्या स्मरणाचा दिवस नेमका कोणता?

प्रश्न : आमच्या शाळेत २६ जुलै, ७ डिसेंबर आणि ३० जानेवारी, तिन्ही दिवशी ‘जवानांना श्रद्धांजली’ हा एकच कार्यक्रम होतो. खरा दिवस कोणता? तिरंगा अर्ध्यावर उतरवावा का, यावरूनही शिक्षकांत वाद झाला.
— एक शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, तिन्ही दिवस खरे, पण प्रत्येकामागचं कारण वेगळं आहे आणि मुलांना ते कळलंच पाहिजे. २६ जुलै १९९९ ला कारगिलचं युद्ध संपलं. त्यात कामी आलेल्या ५२७ जवानांचा हा दिवस. ३० जानेवारीला, १९४८ साली, गांधीजींची हत्या झाली; त्या दिवशी स्वातंत्र्यलढ्यातल्या सर्वच हुतात्म्यांना वंदन करतात.

७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासूनचा. तो गेलेल्यांइतकाच मागे राहिलेल्यांचाही आहे : जखमी जवान, वीरपत्नी, त्यांची मुलं, माजी सैनिक. त्या दिवशी छोटे झेंडे देऊन त्यांच्यासाठी निधी गोळा करतात. झेंड्यावरचा लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. त्या दिवशी नुसती भाषणं झाली तर मूळ काम राहूनच जातं. झेंडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच आणा. बाजारातून आणलेल्या झेंड्यांचे पैसे निधीपर्यंत पोचत नाहीत. वर्गवार रक्कम लिहा, दोघांसमोर मोजा, भरणा करून पावती फलकावर लावा.

मौन ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता, दोन मिनिटं. इशारा १०.५९ ला सुरू होऊन ११ ला थांबतो, ११.०२ ला पुन्हा मिनिटभर वाजतो. भोंगा नसेल तर शाळेची घंटा चालते. बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते. पहिली घंटा ११ ला दिली की मुलं उठेपर्यंत, बाकं सरकेपर्यंत अर्धं मौन संपलेलं असतं. म्हणून घंटा वाजत असतानाच सगळे उभे राहिले पाहिजेत. घड्याळ आदल्या दिवशी मोबाईलशी जुळवा, भाषणं मौनानंतर ठेवा. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी १९१९ च्या ११ नोव्हेंबरला ब्रिटिश साम्राज्यात सकाळी ११ वाजता असंच दोन मिनिटं मौन पाळलं होतं. ही रीत तेव्हापासून रुळली.

तिरंग्याचं उत्तर सरळ आहे : शाळेने आपल्या मनाने तो अर्ध्यावर आणायचा नाही. त्यासाठी सरकारचा आदेश लागतो. आदेश आलाच तर ध्वज आधी पूर्ण वर न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी पुन्हा टोकापर्यंत. थेट अर्ध्यावर चढवणं चूक.

प्रश्न : माझे काका १९७१ च्या युद्धात कामी आले. दिल्लीच्या स्मारकावर त्यांचं नाव कसं शोधू?
— एक वाचक, कामठी

उत्तर : राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं तिथल्या त्यागचक्रात, ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत, एका जवानाला एक वीट. जाण्याआधी सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि तारीख जवळ असू द्या. नुसत्या नावावर शोधलं तर अडतं, कारण सेवेच्या नोंदीतलं स्पेलिंग घरच्यापेक्षा वेगळं असू शकतं. क्रमांक जुन्या पेन्शनच्या कागदांवर मिळेल. नाहीच मिळाला, तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा. काका ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे असतील, तर ते ऑफिस तुमच्या कामठीतच आहे.