आई-बाबांना नंतर नेता येईल का, असं विचारलंस म्हणून

तू ताई म्हणालास, म्हणून सरळ अरेतुरे करते. तू मुलुंडचा, एकुलता एक, तोक्योच्या नोकरीचं पत्र हातात. आई ६७ ची, बाबा ७१ चे. ‘जपानमध्ये म्हाताऱ्यांची सोय फार चांगली म्हणतात, तर दोन-तीन वर्षांनी त्यांना तिकडे आणता येईल का?’ घरभाडं, कागदपत्रं वगैरे तुला दूतावासाच्या माहितीत सापडेल. मी फक्त या एका वाक्याबद्दल लिहिते. काल रात्री ते वाचलं आणि झोप उडाली.

सोय चांगली आहे, खोटं कशाला बोलू. २००० साली इथे काइगो होकेन सुरू झाला, म्हणजे म्हातारपणातल्या देखभालीचा विमा. चाळिशी लागली की हप्ता सुरू, परदेशी माणसालाही. दर तीन वर्षांनी प्रत्येक पालिका हिशेब मांडते: आपल्या हद्दीत म्हातारी माणसं किती, किती जणांना अंघोळ घालायला माणूस लागेल, किती जणांना दिवसाच्या केंद्रात न्यावं लागेल. त्यावरून पासष्टीपुढच्यांचा हप्ता ठरतो. सुरुवातीला तो देशभरात सरासरी महिना २,९११ येन होता, आता ६,२२५ आहे. आमच्या मजल्यावरच्या आजींना अर्धांगवायू झाला, तेव्हा पालिकेकडून माणूस घरी आला, ७४ मुद्द्यांचा तक्ता घेऊन. उठून बसता येतं का, नखं कापता येतात का, आत्ता कोणता ऋतू चालू आहे. मदत किती लागते याच्या सात पायऱ्यांपैकी त्यांची पायरी ठरली, सगळी सोय लावून देणारी केअर मॅनेजर मिळाली, आणि सकाळी नऊला केंद्रात न्यायला पांढरी व्हॅन दारात. बिलाचा दहावा हिस्सा त्यांनी भरायचा (ज्यांचं उत्पन्न जास्त त्यांना वीस-तीस टक्के). सरकारी मदतीच्या नर्सिंग होमला मात्र रांग, आणि खालच्या पायऱ्यांवरच्यांना तिथे सहसा घेतच नाहीत. माणसं कमी पडणाऱ्या कामांसाठी बाहेरून लोक आणायला २०१९ पासून वेगळा व्हिसा काढलाय, त्यात हे कामही आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या आई-बाबांना सांभाळायला तू येऊ शकतोस.

स्वतःच्या आई-बाबांना नुसते म्हातारे झाले म्हणून आणायचा ठरावीक व्हिसा इथे नाही. उच्च कौशल्याच्या व्हिसावाल्यांना एक वाट आहे: घरचं उत्पन्न वर्षाला ८० लाख येन हवं, आणि घरात सात वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई हवी. आजी-आजोबांनी यायचं ते नातवंड सांभाळायला.

आम्ही आईला असंच आणलं. २०१५ मध्ये, लेक तीन वर्षांचा होता तेव्हा. चार वर्षं तिने त्याला शाळेतून आणलं, वरणभात भरवला, माझी रात्री दहाची मीटिंग सांभाळली. २०१९ मध्ये तो सातचा झाला आणि तिचा व्हिसा संपला. कायद्याला तिची गरज उरली नाही. खरं सांगू, मलाही त्या महिन्यात जरा सुटल्यासारखं वाटलं होतं, घर लहान आहे ना. हे मी नवऱ्यालाही बोलले नाहीये. त्याच वर्षी मी चाळिशीची झाले आणि पगाराच्या स्लिपवर काइगोची नवी ओळ आली.

आई गिरगावात परतली, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. २०२२ मध्ये मोरीत पडली, खुबा मोडला. शेजारच्या काकूंनी नेलं हॉस्पिटलात. त्या स्वतः ७४ च्या. पुढे देखभालीला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोची बाई ठेवली, चोवीस तासांची. दर तीन महिन्यांनी नवी बाई, नवी ओळख. मी कॅमेरा लावायला लावला. आईने त्यावर रुमाल टाकला. मी फोनवर तिच्यावर इतकी ओरडले, इतकी!

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. मंडळाच्या पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने उतरवली. बँकेत बोटांचे ठसेच जुळेनात. ‘पुन्हा आणा’ म्हणाले. बाई समोर बसलीय, श्वास घेतेय, आणि ठसा नाही म्हणून हयात नाही! मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायची सोय तेव्हा सुरू झालेली होती, पण कोणी सांगेल तर शपथ. तू निघायच्या आधी बाबांच्या फोनवर ती करून दे. बाबांचं सत्तरीपुढच्यांचं वय वंदना कार्डही काढ, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. पण तो पैसा इस्पितळाच्या खाटेचा. घरी येऊन कूस बदलणाऱ्या बाईचा नाही. १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर चिकटव.

बाकी आपल्याकडे योजना म्हणजे आपण. राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेचं नावच बघ, श्रावणबाळ. २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, पहिल्याच कलमात लिहिलंय. तोक्योपर्यंत पोचतो बघ. पण निर्वाह म्हणजे पैसे, आणि पैसे तर मी पाठवतेच.

एकटेपणाचं विचारलं होतंस. येतो, जातो. तोक्योतल्या भारतीयांच्या वस्तीत, निशी-कासाईत, पोहे मिळतात.

जाऊ नको असं मी म्हणणार नाही, मी कुठे परत गेले? फक्त ‘नंतर आणू’ असं त्यांना सांगून निघू नकोस. तळमजल्याचं किंवा लिफ्टचं घर, ओळखीची बाई, रात्री धावून येणारं एक नाव, एवढं ठरवून नीघ.

एक राहिलं. आई इथे होती तेव्हा तिच्याही नावाने काइगो विम्याचं कार्ड आलं होतं. पासष्ट उलटलेली रहिवासी, म्हणून आपोआप. तिने ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून जपलं होतं. जाताना वॉर्ड ऑफिसात परत करावं लागलं. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हातांनी घेतलं, वाकून. बाहेर आल्यावर आईने विचारलं, “कसलं गं होतं ते?” मी म्हटलं, “लायब्ररीचं.”